१९११ पिस्तुलाची रिकॉइल स्प्रिंग आणि गाइड रॉड: बरेच महिने वापरल्यावर

टेक्सासमध्ये राहतो. पाच इंची नळीचं, .४५ एसीपी काडतुसाचं १९११ पिस्तूल आहे, रेंजवर २३० ग्रेन वजनाच्या गोळीची साधी काडतुसं चालवतो. त्यात एक किट बसवलं होतं: रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग (स्लाइड) परत पुढे आणणारी स्प्रिंग, आणि तिच्या आतून पूर्ण लांबीभर जाणारा फुल-लेंग्थ गाइड रॉड. गेल्या आठवड्यात शूटिंग चालू असतानाच फुल-लेंग्थ गाइड रॉडचा पुढचा तुकडा आटे सुटून ढिला झाला, म्हणून हे लिहायला घेतलं.

रॉड दोन तुकड्यांचा, मधे आट्यांचा जोड. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं: लोकटाइट लावा. स्प्रिंगच्या कितीतरी पट पैसे मोजून घेतलेला रॉड जागेवर राहावा म्हणून गोंदही मीच आणायचा? पैसे परत द्यायला साफ नकार.

पहिले काही महिने मला हा रॉड आवडला होता, हे खरं. स्लाइड ओढताना स्प्रिंगची खरखर हाताला लागत नाही. पण कागदावरचा गट (गोळ्यांच्या भोकांचा पसारा) होता तेवढाच राहिला. आणि साफ करायला बसलं की दरवेळी ॲलन की शोधा! या पिस्तुलाचा रचनाकार जॉन ब्राउनिंग याच्या मूळ रचनेत पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करायची, स्प्रिंगच्या पुढच्या टोकावरची टोपी (प्लग) दाबायची, नळीच्या तोंडाजवळचं कडं (बुशिंग) फिरवायचं, की स्प्रिंग बाहेर. अवजार लागतच नाही. अमेरिकी लष्करानं १९११ पासून १९८५ पर्यंत हे पिस्तूल आखूड रॉडवरच वापरलं. इतकी सोय काढून टाकून वर जास्त पैसे घ्यायचे, याची मला मनापासून चीड येते.

स्प्रिंगबद्दलचं मत तर पूर्ण बदललं. किटमध्ये १८.५ पौंड ताकदीची आली होती. फ्रेमला मार कमी बसेल म्हणून बरी वाटली. पण शेवटच्या गोळीनंतर स्लाइड कधी मागे अडकायची, कधी नाही. स्लाइड पुढे आपटली की नळीचं तोंड खाली झुकायचं, दुसरा नेम धरायला वेळ जायचा. साध्या काडतुसाला एवढी ताठ स्प्रिंग नको. पाच इंची .४५ ला १६ पौंड हेच मूळ माप आहे.

आता वुल्फ कंपनीची १६ पौंडाची घातलीय, दहा डॉलरांच्या आसपास मिळाली. सोबत फायरिंग पिनची (काडतुसावर आदळणाऱ्या पिनची) स्प्रिंगही येते, तीही बदलून टाका. त्यानंतर स्लाइड एकदाही चुकलेली नाही, पुंगळ्याही एकाच बाजूला नीट पडतात. जुनी स्प्रिंग नवीच्या शेजारी ठेवून बघा, आखूड झालेली लगेच दिसते. दोन-तीन हजार गोळ्यांनंतर बदलायचीच असते, आणि या किमतीत त्यात काटकसर करण्यात अर्थ नाही.

रॉड मात्र पिस्तुलासोबत आलेला आखूडच परत बसवलाय. फुल-लेंग्थ रॉडसाठी भोकाचा प्लग लागतो, त्यामुळे प्लगही जुनाच लावला. कुणी किट घेणारच असाल तर मूळचे दोन्ही भाग डबीत जपून ठेवा, आणि रॉड निदान एकसंध बघून घ्या.