पहिल्या पानाची लेखी गॅरंटी, आणि पेनल्टी मात्र तुमच्या डोमेनला

‘तीन महिन्यांत गुगलच्या पहिल्या पानावर, लेखी गॅरंटी.’ एसईओतली, म्हणजे साइट गुगलच्या निकालांत वर आणण्याच्या धंद्यातली, बरीचशी फसवणूक इथून सुरू होते. गंमत म्हणजे ही गॅरंटी अनेकदा पाळलीही जाते, कारण कोणत्या शब्दांसाठी पहिलं पान हे एजन्सीच ठरवते. जो सहा-सात शब्दांचा सर्च कुणी कधी करतच नाही, त्यावर पहिला नंबर आणायला काही लागत नाही. काही यादीत तर चक्क तुमच्याच कंपनीचं नाव असतं! पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गुगलने लिहून ठेवलंय.

खरा खर्च होतो तो बॅकलिंकवर, म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंकवर. पॅकेजमध्ये लिहिलेलं असतं, ‘दरमहा अमुक इतक्या लिंक, डीए ५०च्या वर.’ डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी. मॉझ नावाच्या कंपनीने काढलेला, साइट रँकिंगमध्ये किती वर येईल याचा हा १ ते १०० मधला अंदाज आहे, गुगल तो रँकिंगसाठी वापरत नाही. मुदत संपलेली जुनी डोमेन विकत घ्यायची, म्हणजे स्कोअर आयता मिळतो, मग त्यांवर दहा-बारा ओळींचे लेख टाकून गिऱ्हाइकांना लिंक द्यायच्या, असा हा धंदा. मुदत संपलेली डोमेन रँकिंगसाठी अशी वापरणं हा स्पॅमचा प्रकार आहे, असं गुगलने मार्च २०२४मध्ये आपल्या स्पॅम धोरणात नाव घेऊन लिहिलं.

आपल्याला काय विकलं गेलंय हे तपासायला वेगळं टूल लागत नाही. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गुगलच्या फुकट सेवेत लिंक्स रिपोर्ट उघडा आणि ‘टॉप लिंकिंग टेक्स्ट’, म्हणजे ज्या शब्दांवर लिंक दिलीय ते शब्द, पाहा. लोक आपणहून लिंक देतात तेव्हा कुणी कंपनीचं नाव लिहितं, कुणी नुसता पत्ता चिकटवतं, कुणी ‘इथे पाहा’ म्हणतं. सगळा कसा विस्कळीत मामला. विकतच्या लिंकांत मात्र धंद्याचा तोच एक शब्दसमूह, अक्षरही न बदलता, एकमेकांशी संबंध नसलेल्या साइटवरून येत राहतो. त्यातल्या पाच साइट उघडा. एक लेख कर्जावर, पुढचा दातांवर, त्यापुढचा ऑनलाइन जुगारावर. लेखकाचं नाव नाही, थीम सगळीकडे तीच.

२४ एप्रिल २०१२ला आलेला पेंग्विन हा गुगलच्या अल्गोरिदममधला बदल नेमका अशा लिंकांसाठी होता. सप्टेंबर २०१६पासून तो मूळ अल्गोरिदमचा भाग झाला आणि बहुतेक वेळा साइट खाली ढकलण्याऐवजी त्या लिंकांची किंमतच शून्य करतो. म्हणजे पेनल्टी लागलेली नसते, तरी पैसे पाण्यात गेलेले असतात. यावर एजन्सीचं उत्तर ठरलेलं: ‘अल्गोरिदम बदललाय, मोठं पॅकेज घ्या.’

मॅन्युअल अ‍ॅक्शनचं, म्हणजे माणसाने लावलेल्या पेनल्टीचं, प्रकरण वेगळं. ती गुगलचा माणूस साइट तपासून लावतो आणि तिची नोटीस सर्च कन्सोलमध्ये येते. कन्सोल एजन्सीच्या खात्यावर असेल तर ती नोटीसही एजन्सीलाच जाते. मालकाला इतकंच दिसतं की चौकशीचे फोन बंद झाले. सगळ्या फसवणुकीची किल्ली इथे आहे: पुरावा त्यांच्या हातात, शिक्षा तुमच्या डोमेनला. जेसी पेनी या अमेरिकन दुकानसाखळीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी २०११मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तिच्यासाठी पेरलेल्या हजारो लिंक उघड केल्या. या लिंकांची आपल्याला माहिती नव्हती असं सांगून कंपनीने एसईओवाल्यांना काढलं. रँकिंग कोसळायचं ते कोसळलंच.

दुसरा उलटा प्रकारही चालतो, आणि तो जास्त संतापजनक आहे. तुमच्याच साइटवरून लिंक दुसऱ्या गिऱ्हाइकांना विकल्या जातात. पानाच्या तळाशी फूटरमध्ये एक डिव्ह, म्हणजे मजकुराचा चौकोन, सीएसएस या मांडणीच्या कोडने डावीकडे उणे ९९९९ पिक्सेल, पडद्याबाहेर सरकवलेला. माणसाला दिसत नाही, गुगलला दिसतो. कधी त्या लिंक फक्त गुगलबॉटलाच, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या गुगलच्या प्रोग्रामलाच, दाखवतात, मग ब्राउझरमधून सोर्स पाहूनही हाती काही लागत नाही. त्यासाठी कन्सोलमधलं यूआरएल इन्स्पेक्शन वापरा: ‘व्ह्यू क्रॉल्ड पेज’ करून गुगलबॉटने पाहिलेल्या पानाचं एचटीएमएल उघडा आणि त्यात अनोळखी डोमेन शोधा.

पेनल्टीच्या भीतीवर दुसरी कमाई होते. ‘तुमच्या साइटकडे येणाऱ्या तीन हजार टॉक्सिक, म्हणजे घातक, लिंक आहेत, काढायला दर लिंकमागे इतके.’ आधी कन्सोलच्या ‘सिक्युरिटी अँड मॅन्युअल अ‍ॅक्शन्स’ विभागातलं ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन्स’ हे पान स्वतः उघडा. तिथे काही अडचण नोंदलेली नसेल तर रीकन्सिडरेशन रिक्वेस्ट, म्हणजे पेनल्टी उठवण्याची विनंती, पाठवताच येत नाही. तिचे पैसे मागणारा सरळसरळ फसवतोय. डिसअवाव फाइलचीही, म्हणजे ‘या लिंक धरू नका’ असं गुगलला सांगणाऱ्या यादीचीही, बहुतेक साइटना गरज नसते. मॅन्युअल अ‍ॅक्शन लागली असेल, किंवा विकतच्या लिंकांमुळे लागण्याची शक्यता असेल, तरच ती करावी. फाइल साधी टेक्स्ट असते: दर ओळीला एक पत्ता किंवा एक डोमेन, कमाल १ लाख ओळी, २ एमबी. नवी फाइल चढवली की जुनी पुसली जाते, म्हणून आधीची उतरवून ठेवा. घाऊक भावाने काम करणारे चांगल्या लिंकही तिच्यात कोंबतात, आणि कमावलेलं तेवढं हातचं जातं.

अ‍ॅक्शन खरंच लागली असेल तर त्या त्या साइटवाल्यांना लिंक काढायला लावा, कुणाला कधी लिहिलं याची नोंद ठेवा, जे निघत नाही ते डिसअवाव करा आणि मग रिक्वेस्ट पाठवा. उत्तराला काही दिवस ते काही आठवडे लागतात. लिंकांच्या प्रकरणात आणखी वेळ जाऊ शकतो. गुगलमध्ये ओळख आहे म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

करार करताना प्रत्येक लिंकचा पत्ता, तारीख आणि तिच्यासाठी पैसे दिले का, हे दरमहा लेखी मागा. पैसे दिलेल्या लिंकच्या कोडमध्ये ‘rel’ (रेल) या खुणेत ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ हवंच. ‘ते आमचं सिक्रेट आहे’ असं ऐकू आलं तर सही करू नका. कन्सोलची मालकी डीएनएसमधल्या, म्हणजे डोमेनच्या सेटिंगमधल्या, टीएक्सटी रेकॉर्डने स्वतःच्या खात्यावर घ्या आणि एजन्सीला ओनर न करता फार तर फुल यूजर करा. आधीच त्यांना ओनर केलं असेल, तर यादीतून नाव काढून भागत नाही. त्यांनी टाकलेली एचटीएमएल फाइल, मेटा टॅग किंवा टीएक्सटी रेकॉर्डही काढा, नाहीतर ते हवं तेव्हा स्वतःला पुन्हा ओनर करून घेऊ शकतात.