चार रविवार आणि अमेरिकेची राज्यघटना : नाशिकमधील एका अभ्यासवर्गाविषयी

अमेरिकेची उभारणी ख्रिस्ती तत्त्वांवर झाली होती का, या एकाच प्रश्नावर नाशिकमध्ये चार रविवारांचा अभ्यासवर्ग भरणार असल्याचे कळले, तेव्हा मी पहिल्याच दिवशी नाव नोंदवले. माझे थोरले बंधू गेली तीस वर्षे टेक्सासमध्ये आहेत. तिथल्या शेजाऱ्यांशी झालेला हा वाद ते दर वेळी फोनवर माझ्यासमोर मांडतात आणि मला त्यांना धड उत्तर देता येत नव्हते. वर्ग कॉलेज रोडलगतच्या एका अभ्यासिकेत वरच्या मजल्यावर, सकाळी साडेनऊ ते बारा या वेळात होता. शुल्क बाराशे रुपये होते आणि त्यात मूळ दस्तऐवजांच्या छायाप्रती, मराठी टिपणे व चहा यांचा समावेश होता. आम्ही बावीस जण होतो.

पहिल्या सत्रात व्याख्यान झालेच नाही, आणि याच कारणासाठी मी या वर्गाला सर्वाधिक गुण देईन. मार्गदर्शकांनी १७७६चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ची राज्यघटना असे दोन दस्तऐवज प्रत्येकाच्या हाती दिले आणि देवाधर्माविषयीचा प्रत्येक शब्द पेन्सिलीने अधोरेखित करण्यास सांगितले. जाहीरनाम्यात चार ठिकाणी खुणा झाल्या : निसर्गाचा ईश्वर, निर्माता, जगाचा सर्वोच्च न्यायाधीश आणि दैवी संरक्षण. राज्यघटना वाचताना मात्र पेन्सिली जवळपास रिकाम्याच राहिल्या. कोणत्याही शासकीय पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही असे सांगणारे सहावे कलम, अध्यक्षांना विधेयकावर निर्णय घेण्यासाठी मिळणाऱ्या दहा दिवसांतून वगळलेला रविवार, आणि शेवटी तारीख लिहिताना त्या काळच्या रीतीप्रमाणे आलेला ‘आपल्या प्रभूच्या वर्षी’ हा शब्दप्रयोग, एवढेच सापडले. माझ्या शेजारी शरणपूर रोडवर राहणाऱ्या एक निवृत्त ख्रिस्ती शिक्षिका बसल्या होत्या. त्यांनी सगळी पाने पुन्हा एकदा उलटून पाहिली आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘येशूचं नाव कुठेच नाही हो.’’

दुसरे सत्र व्हर्जिनिया या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीचे, म्हणजे पुढच्या अमेरिकन राज्याचे होते आणि ते संपूच नये असे वाटत होते. त्या वसाहतीत अँग्लिकन चर्च, म्हणजे इंग्लंडचे चर्च, हे राज्याचे अधिकृत चर्च होते, त्याचा खर्च करातून चाले आणि परवाना न घेता उपदेश करणाऱ्या बाप्टिस्ट या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या प्रचारकांना तुरुंगात टाकले जाई. पुढे राज्यघटनेचे प्रमुख शिल्पकार ठरलेले तरुण जेम्स मॅडिसन यांनी १७७४मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात शेजारच्या परगण्यात असे पाच-सहा सज्जन कैदेत असल्याबद्दल तीव्र संताप व्यक्त केला आहे. पुढे व्हर्जिनियाचे नेते पॅट्रिक हेन्री यांनी ख्रिस्ती उपदेशकांच्या निर्वाहासाठी कर बसवण्याचे विधेयक आणले, तेव्हा मॅडिसन यांनी १७८५मध्ये त्याविरुद्ध निवेदन लिहिले आणि बाप्टिस्टांसारख्या श्रद्धाळू ख्रिस्ती लोकांनीही विरोधी अर्ज पाठवले. ते विधेयक बारगळले आणि १७८६च्या जानेवारीत स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक थॉमस जेफरसन यांनी पूर्वीच तयार केलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर झाला. त्याच्या प्रस्तावनेत येशू ख्रिस्ताचे नाव घालण्याची दुरुस्ती सुचवली गेली होती, ती मोठ्या बहुमताने फेटाळली गेली, असे जेफरसन यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. या कायद्याच्या छायेत ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदूही यावेत असा त्यामागचा हेतू असल्याचेही ते तिथेच सांगतात. अठराव्या शतकातील व्हर्जिनियाच्या कायद्यासंदर्भात ‘हिंदू’ हा शब्द समोर आल्यावर वर्गात क्षणभर शांतता पसरली. त्या संध्याकाळी मी तो उतारा बंधूंना फोनवर दोनदा वाचून दाखवला.

या सत्राने माझा एक जुना समज मोडला. राज्य आणि चर्च यांची फारकत हे केवळ धर्माकडे पाठ फिरवलेल्या विचारवंतांचे काम आहे, असे मी मानत आलो होतो. पण ज्यांनी राज्याच्या चर्चचा जाच सोसला होता, त्या भाविकांचाही त्यात मोठा वाटा होता. त्यामुळे त्या तत्त्वांत ख्रिस्ती मुळे अजिबात नाहीत असे म्हणणे मला आता पटत नाही. मात्र त्याच भाविकांनी राज्य धर्मावर उभे करण्यास ठाम नकार दिला होता, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

तिसऱ्या सत्राबद्दल माझी तक्रार आहे. अधिकृत धर्म स्थापन करणारा कायदा करण्यास मनाई करणारी १७९१ची पहिली घटनादुरुस्ती तेव्हा फक्त काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, बांधून घेत होती, घटक राज्यांना नाही. म्हणूनच कनेक्टिकटमध्ये १८१८पर्यंत आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३पर्यंत चर्चला सरकारी आधार राहिला. ‘ख्रिस्ती राष्ट्र’ म्हणणाऱ्यांचा हा सर्वांत भक्कम मुद्दा असताना तो वीस मिनिटांत उरकला गेला. याउलट उत्तर आफ्रिकेतील त्रिपोली या मुस्लिम राज्याशी अमेरिकेने केलेल्या १७९७च्या तहाला तासभर मिळाला. अमेरिकेचे सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर आधारलेले नाही, असे त्या तहाचे अकरावे कलम सांगते. पण तहाच्या अरबी मसुद्यात हे कलम आढळत नाही, ही गोष्ट मार्गदर्शकांनी सांगितलीच नाही. अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, म्हणजे सिनेटने, एकमताने मान्य केला तो इंग्रजी मसुदा होता, त्यामुळे पुराव्याचे वजन कमी होत नाही. तरीही ज्या वर्गाची सारी भिस्त मूळ कागदांवर आहे, तिथे हे सांगायलाच हवे होते.

दुसरी तक्रार मराठी टिपणांची आहे आणि ती मला अधिक गंभीर वाटते. जाहीरनाम्यातील ‘निसर्गाचा ईश्वर’ या शब्दांसाठी टिपणात ‘परमपिता परमेश्वर’ असे छापले होते. शिक्षिकाबाईंनीच त्यावर बोट ठेवले. ‘‘पिता हा आमच्या प्रार्थनेतला शब्द आहे, तो मुळात इथे नाही,’’ असे त्यांनी मार्गदर्शकांना सांगितले. सृष्टीच्या नियमांतून ओळखू येणारा ईश्वर आणि भक्ताची हाक ऐकणारा पिता यांत जो फरक आहे, त्यावरच तर हा सगळा वाद उभा आहे. मार्गदर्शकांनी चूक मोकळेपणाने मान्य केली आणि सर्वांना आपापल्या प्रतीत दुरुस्ती करायला लावली.

चौथे सत्र आटोपशीर होते. ‘आमचा देवावर भरवसा आहे’ हे वाक्य नाण्यावर १८६४मध्ये आले आणि राष्ट्रीय ब्रीद १९५६मध्ये झाले, म्हणजे संस्थापकांच्या कितीतरी नंतर, हे त्यात नीट दाखवले. मग आपल्या संविधान सभेतील १७ ऑक्टोबर १९४९चा दिवस चर्चेला आला. उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ व्हावी ही सभेचे सदस्य ह. वि. कामथ यांची सूचना ४१ विरुद्ध ६८ मतांनी नामंजूर झाली होती. या प्रसंगासाठी आणखी अर्धा तास मिळायला हवा होता.

पंख्यांच्या आवाजामुळे मागच्या रांगेत नीट ऐकू येत नाही, म्हणून लवकर जाऊन पुढची जागा धरावी. इंग्रजी बेताचे असले तरी चालते, कारण प्रत्येक वाक्य मराठीत उलगडून सांगितले जाते. पुढचा वर्ग दिवाळीनंतर असल्याचे संयोजकांनी सांगितले. नाव नोंदवताना टिपणांची सुधारित प्रत मात्र आवर्जून मागून घ्यावी.