पाण्याच्या पाइपासाठी स्वयंनियंत्रित हीटिंग केबल : वापरानंतरचे मत

कडाक्याच्या थंडीत पाइप गोठतो तेव्हा नळ कोरडा पडणे हा त्रासाचा लहान भाग असतो. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, आणि बर्फाचा बूच व बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब इतका चढतो की पाइप अनेकदा बर्फापासून दूर, एखाद्या कमकुवत सांध्यापाशी फुटतो. बर्फ वितळून घरात पाणी पसरेपर्यंत हे कळतही नाही. केवळ फोमचे वेष्टण उष्णता जाण्याचा वेग कमी करते, नवी उष्णता देत नाही. म्हणून तळघरातल्या उघड्या पाइपाला मी ही केबल बसवून घेतली आणि ती मला मनापासून पसंत पडली.

हिच्यात तांब्याच्या दोन समांतर तारांमध्ये कार्बनचे कण मिसळलेला प्लास्टिकचा गाभा असतो. थंडीने गाभा आकसला की कण जवळ येतात, वीज अधिक वाहते आणि ऊब वाढते. पाइप उबदार झाला की गाभा प्रसरण पावून कणांची साखळी तुटते व विजेचा वापर आपोआप घटतो. हे केबलच्या प्रत्येक तुकड्यात स्वतंत्रपणे घडत असल्यामुळे झरोक्याजवळचा गारठलेला भाग जास्त तापतो आणि आतला कमी. स्थिर वॅटची स्वस्त केबल स्वतःवरूनच गेली तर तिथे आवरण जळण्याची भीती असते. ही केबल झडपेभोवती एकमेकीवरून गेली तरी चालते, आणि माझ्या दृष्टीने जास्तीची किंमत एवढ्यासाठीच वसूल होते.

तक्रारी दोन आहेत. मोकळ्या टोकाशी दोन्ही तारा एकमेकींना मुळीच लागू न देता, एक तार आखूड कापून, वर उष्णतेने आवळणारी टोपी बसवावी लागते. इतके महत्त्वाचे काम माझ्या संचातल्या माहितीपत्रकात एका चिमुकल्या चित्रात उरकले आहे. दुसरे म्हणजे, ही केबल स्वतःहून पूर्ण बंद होत नाही. मीटरला १५ वॅटची १० मीटर केबल पूर्ण क्षमतेने दिवसभर चालली तर ३.६ युनिट वीज जाते, त्यामुळे ३ अंश सेल्सिअसच्या आसपास चालू होणारा थर्मोस्टॅट वेगळा घ्यावाच, आणि गळतीच्या विजेपासून वाचवणाऱ्या ब्रेकरशिवाय केबल जोडू नये.

केबलवरून फोम चढवणे टाळले, तर बरीचशी ऊब हवेतच जाते. वीज गेल्यास केबल निरुपयोगी ठरते. अशा रात्री नळाची बारीक धार चालू ठेवणे हा एक उपाय उरतो. भिंतीत गाडलेल्या पाइपासाठी मात्र ही केबल घेऊ नका. तिथे प्लंबरकडून पाइपाचा मार्गच बदलून घेणे योग्य.