गाण्यांच्या प्रती जुळवताना: फ्रीफाईलसिंकचा अनुभव

गाण्यांचा मूळ संग्रह संगणकावर असतो, त्याची एक प्रत फोनमध्ये आणि दुसरी पेन ड्राइव्हवर असते. काही महिन्यांतच या तिन्हींचा मेळ सुटतो आणि कोठे काय कमी आहे हे नुसत्या नजरेने शोधणे अशक्य होते. या कामासाठी मी फ्रीफाईलसिंक वापरतो. दोन फोल्डरांची तुलना करून त्यांच्या प्रती जुळवणारे हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. ते मला पसंत आहे, परंतु तुलनेची पद्धत विचार न करता निवडली तर ते चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देते.

डावीकडे संगणकावरील फोल्डर आणि उजवीकडे फोनमधील फोल्डर निवडून तुलना केली की मधल्या पट्टीत प्रत्येक फाइलसमोर बाण दिसतो: ती कोणत्या बाजूला जाणार, की पुसली जाणार. हे सारे पाहून आपण होकार देईपर्यंत एकही फाइल हलत नाही. या पट्टीने मला एकदा वाचवले आहे. ‘मिरर’ या प्रकारात उजवी बाजू डावीसारखी केली जाते, म्हणजे डावीकडे नसलेले उजवीकडून काढून टाकले जाते. घाईत मी फोन डावीकडे आणि संगणक उजवीकडे ठेवला होता. पट्टीत वरपासून खालपर्यंत पुसण्याची चिन्हे दिसली, म्हणून हात आवरला.

तुलनेच्या पद्धती तीन आहेत: वेळ आणि आकार, केवळ आकार, आणि आतील मजकूर. फोन केबलने जोडला असता तो बहुधा एमटीपी (फोन आणि संगणक यांच्यात फाइली देण्याघेण्याची एक पद्धत) या पद्धतीने जोडला जातो, आणि त्या मार्गाने कॉपी केलेल्या फाइलची मूळ बदलवेळ, म्हणजे ती शेवटची बदलली ती वेळ, बहुतेक फोन राखत नाहीत. त्यामुळे वेळेवर विसंबले तर कालच पाठवलेली गाणीही आज वेगळी दिसतात, आणि माणूस साहजिकच केवळ आकाराकडे वळतो. गाण्यांच्या बाबतीत खरी मेख येथे आहे. एमपीथ्री फाइलच्या सुरुवातीला गायक, अल्बम वगैरे माहितीचा टॅग असतो आणि त्याच्यामागे अनेकदा थोडी रिकामी जागा राखलेली असते, जेणेकरून माहिती बदलली तरी संपूर्ण फाइल नव्याने लिहावी लागू नये. मी एका अल्बममधील गायकाच्या नावाचे शुद्धलेखन सुधारले, तेव्हा बारापैकी एकाही फाइलचा आकार एका बाइटनेही बदलला नाही. सॉफ्टवेअरने दोन्ही बाजू समान ठरवल्या आणि फोनमध्ये जुनेच चुकीचे नाव राहिले. काही टॅग संपादकांत फाइलची जुनी वेळ जपण्याचा पर्याय असतो. तो चालू असेल, तर वेळ पाहूनही हा बदल सापडत नाही. मजकुराची तुलना मात्र चुकत नाही, पण ती दोन्हीकडील प्रत्येक बाइट वाचत असल्याने मोठ्या संग्रहाला, विशेषतः फोनवर, फार वेळ लागतो. म्हणून रोजच्या कामाला मी आकाराची तुलना ठेवतो, आणि टॅग सुधारले की तेवढाच फोल्डर मजकुराने तपासतो.

पेन ड्राइव्हची अडचण निराळी आहे. अनेक पेन ड्राइव्हवर फाइली साठवण्यासाठी असलेल्या एफएटी३२ या रचनेत बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदवली जाते आणि ती स्थानिक घड्याळाप्रमाणे असते. दोन सेकंदांचा फरक हे सॉफ्टवेअर स्वतःच सोडून देते; घड्याळ तासाने पुढे-मागे झाल्यास मात्र सगळा संग्रह बदललेला भासतो. अशा वेळी तुलनेच्या सेटिंगमध्ये तो तास दुर्लक्षित करण्याचा पर्याय आहे. याच रचनेत प्रश्नचिन्ह किंवा विसर्ग-चिन्हासारखा कोलन फाइलच्या नावात चालत नाही, त्यामुळे प्रश्नार्थक नावाचे गाणे मॅक किंवा लिनक्सवरून पाठवताना अडते. नाव मुळातच बदलणे हाच सोपा उपाय.

दोन्ही बाजूंचे बदल एकमेकांकडे नेणारा दुहेरी सिंकचा प्रकारही आहे आणि त्यासाठी मागील स्थितीची नोंद एका छोट्या फाइलमध्ये दोन्ही बाजूंना ठेवली जाते. गाण्यांसाठी मी तो वापरत नाही. काही प्लेअर गाण्याला दिलेले तारे थेट टॅगमध्ये लिहितात, आणि मग फोनमधील प्रत ‘नवी’ ठरून संगणकावरील नीट सुधारलेल्या फाइलवर येऊन बसू शकते. कोणत्या फाइली घ्यायच्या आणि कोणत्या वगळायच्या हे ठरवणारे फिल्टर उपयुक्त आहेत. गाण्यांच्या फाइली आणि मुखपृष्ठाची चित्रे एवढेच मी पाठवतो. प्लेलिस्टच्या आत लिहिलेले फाइलींचे मार्ग मात्र हे सॉफ्टवेअर दुरुस्त करत नाही, त्यामुळे संगणकाच्या ड्राइव्हचे नाव त्यात असेल तर फोनवर ती प्लेलिस्ट रिकामीच उघडते.