होम्सचा झगा: रंगवलेली लोकर घ्यावी की कातलेली?

शेरलॉक होम्सच्या घरातल्या झग्याचा रंग कोणता, असं दोन वाचकांना विचारलं तर भांडण लागेल आणि दोघंही बरोबर ठरतील. एका कथेत तो झगा जांभळा आहे, दुसरीत निळा, आणखी एकीत उंदरासारखा करडा. लेखकाला त्याचं फारसं सोयरसुतक नसावं. पण होम्सच्या नावाने लोकर रंगवायला बसलेल्या माणसाला मात्र ठरवावं लागतं आणि ती विकत घेणाऱ्यालाही. माझ्याकडे होम्सवरून केलेल्या दोन लोकरी होत्या, एक हाताने रंगवलेली आणि एक हाताने कातलेली. दोन्ही विणून झाल्या आहेत. आवडत्या पात्राची लोकर घ्यायचं मनात असेल आणि या दोन प्रकारांत अडकला असाल तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

फरक तुम्हाला ठाऊकच असणार. रंगवलेली म्हणजे मिलमध्ये कातलेलं तयार सूत आणून पातेल्यात रंगवलेलं. कातलेलीत लोकर आधी रंगते, मग पिंजली जाते आणि शेवटी चातीवर नाहीतर चरख्यावर चढते. म्हणजे एकीत रंग सुताच्या वर बसतो, दुसरीत सूत बनतानाच आत जातो. ऐकायला हा बारीकसा फरक वाटतो. मलाही तसंच वाटलं होतं.

रंगवलेल्या लोकरीची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. रंगाचा ठसठशीतपणा तिच्याच वाट्याचा. पडद्यावरचं पात्र असेल, त्याच्या गणवेशाचा लाल नेमका कुठला हे चाहत्यांना पाठ असेल, तर तो लाल पातेल्यातूनच मिळेल. पिंजताना रंग एकमेकांत मिसळतात आणि थोडे मवाळ होतात, तिथे तो हट्ट चालत नाही. शिवाय मापाचा भरवसा. मोज्यांसाठीची १०० ग्रॅमची लडी म्हणजे साधारण ४०० मीटर सूत, त्यात पाव भाग नायलॉन, त्यामुळे टाच लवकर झिजत नाही. नमुना उघडायचा, सुया काढायच्या, सुरुवात करायची. आणि सुपरवॉश लोकर असेल तर कुणी चुकून मशीनमध्ये टाकली तरी आटून बाहुलीच्या मापाची होत नाही. भेट द्यायची असेल तर हा मुद्दा हलका समजू नका. लाल आणि गडद निळा पहिल्या एक-दोन धुण्यांत रंग सोडतात, तेवढं थंड पाण्याने निभावतं.

नावांची गंमत दोन्हींकडे सारखीच. बरेच रंगवणारे ट्रेडमार्कच्या भीतीने पात्राचं नाव थेट देत नाहीत. मग लडीला कुठल्याशा वस्तूचं नाव असतं, एखाद्या पत्त्याचं, एखाद्या सवयीचं. ओळखणारा ओळखतो. लडी हातात घेऊन ते कोडं सुटण्यातला आनंद मला विणण्याइतकाच आवडतो, पण निवड करताना त्याचा काही उपयोग नाही.

आता जिथे माझं बिनसलं तिथे येतो.

होम्सची रंगवलेली लडी दिसायला फार सुरेख होती. लंडनच्या धुक्याचा करडा, तंबाखूचा तपकिरी, झग्याचा जांभळा आणि मध्येच जेमतेम आठ सेंटीमीटरचा लाल. पिळून ठेवलेल्या लडीत तो लाल असा काही डोकावत होता की मी दुसऱ्या कुठल्या लडीकडे बघितलंच नाही. मफलर करायचा ठरवला, चार नंबरच्या सुयांवर ५६ टाके, साधी सुलट-उलट वीण. पहिल्या पंचवीसेक ओळी मजेत गेल्या. रंग इकडे तिकडे पसरत होते, धुकं धुक्यासारखं दिसत होतं. मग लाल डाव्या काठाला आला आणि तिथेच मुक्काम ठोकून बसला.

असं का होतं, ते मला नंतर टेप घेऊन बसल्यावर कळलं. लडीचा घेर साधारण दीड मीटरचा असतो आणि ती सपाट ठेवून रंगवली की दर दीड मीटरला तेच रंग त्याच क्रमाने परत येतात. माझ्या हाताने एक टाका तेरा-चौदा मिलिमीटर सूत खात होता. ५६ टाके जाताना, ५६ येताना, म्हणजे झालं दीड मीटर. दर दोन ओळींनी लाल अगदी त्याच जागी परत येणार. त्यात माझं नशीब असं, की तो आला नेमका वळणावर. ओळीचे शेवटचे तीन टाके लाल, सुई फिरवली की पुढच्या ओळीचे पहिले तीनही लाल. एकावर एक थर चढत गेले. इंग्रजीत याला पूलिंग म्हणतात, पण मराठीत त्याला थारोळं हाच शब्द आहे आणि इथे तर तो शब्दशः लागू होता. तीसेक ओळींत तळहाताएवढं लाल थारोळं तयार झालं. गळ्यात घालून आरशात पाहिलं तर डाव्या बरगडीशी कुणीतरी सुरी खुपसल्यासारखं दिसत होतं. होम्सच्या कथांत प्रेतं पुष्कळ असतात, पण त्यातलं एक मी व्हावं अशी माझी इच्छा नव्हती.

उसवलं. ५२ टाके घेतले. आता लाल दर फेरीला थोडा थोडा सरकत तिरपा चढू लागला, विजेच्या लोळासारखा. उसवलं. सुया पाव मिलिमीटरने बारीक केल्या. थारोळं काठावरून उठून मध्यभागी आलं, आणि काठापेक्षा मध्यभागी ते जास्त भयंकर दिसतं, हे सांगायला नको. परत उसवलं. तोवर सुताला बारीक केस सुटले होते.

यावर उपाय आहेत, नाही असं नाही. दोन लडी घेऊन दर दोन ओळींनी आलटून पालटून विणायच्या, म्हणजे थारोळं फुटतं. मोठ्या कामाला हे तसंही करावंच लागतं, कारण हाताने रंगवलेल्या दोन लडी एकाच पातेल्यातून निघाल्या तरी जुळ्या बहिणींसारख्या नसतात, फार तर सख्ख्या. पण मफलरला एक लडी पुरत असताना दुसरी केवळ पहिलीचं वागणं सुधारायला घ्यायची, हे मला पटलं नाही. टाके उचलून घेण्याची वीण वापरली तरी रंग तुटतात. किंवा एकाच रंगाच्या गडद-फिकट छटांची लडी घ्यायची, ती असला छळ करत नाही. रंगवलेलीच घ्यायची असेल तर मी हेच सुचवीन. अडचण एवढीच, की पात्रांवरच्या लोकरी सहसा तशा नसतात. रंगवणाऱ्याला त्या माणसाची सगळी कहाणी एका लडीत बसवायची असते. धुकं, तंबाखू, झगा, खून, सगळं दीड मीटरमध्ये. मग ती कहाणी दर दीड मीटरला पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, एकच किस्सा रोज सांगणाऱ्या पाहुण्यासारखी.

चौथ्यांदा उसवताना एक गोष्ट आठवली आणि मग माझा निर्णय जवळपास झालाच. १८८७ साली आलेल्या होम्सच्या पहिल्याच कथेत तो स्वतः सुताची उपमा देतो. आयुष्याच्या बिनरंगी लडीतून खुनाचा एक लाल धागा जात असतो आणि तो उलगडून वेगळा काढणं हे आपलं काम, अशा अर्थाचं बोलतो. धागा. थारोळं नव्हे. लाल असायला हवा, पण शोधावा लागला पाहिजे. रंगवलेल्या लडीत लाल आठ सेंटीमीटरचा असतो, तो शोधायला होम्स लागत नाही, वॉटसनही पुरे.

कातलेली लोकर मी त्यानंतर घेतली. दोन लडी, तिपदरी. कातणाऱ्या बाईंनी झग्याचं भांडण फार हुशारीने मिटवलं होतं: एक पदर निळा, एक जांभळा, एक उंदरी करडा. कुणालाच नाराज केलं नव्हतं. हातभर लांबून सूत पावसाळी संध्याकाळसारखं दिसतं, धड निळंही नाही आणि करडंही नाही. डोळ्यांजवळ आणलं की तिन्ही पदर एकमेकांना पीळ घालून चाललेले दिसतात. लाल कुठे आहे म्हणून मी बराच वेळ पाहत होतो. करड्या पदरासाठी लोकर पिंजताना बाईंनी त्यात मधूनमधून लाल लोकरीच्या नखाएवढ्या पुंजक्या टाकल्या होत्या. कातताना त्या ओढल्या गेल्या आणि त्यांचा केसाएवढा लाल झाला. कधी मीटरभराने दिसतो, कधी चार मीटर दिसत नाही. विणताना तो येतो तेव्हा एका टाक्याच्या एका कडेला येतो, बस. त्याचा ना घेर ठरलेला, ना पल्ला, म्हणून टाके ५६ घ्या की ६०, थारोळं व्हायला वावच नाही. मफलरवरचे लाल ठिपके मी अजून पुरते मोजलेले नाहीत. दर वेळी आकडा वेगळा येतो.

हे वाचून लगेच कातलेली मागवू नका, तिचेही नखरे आहेत. दोन्ही लडी १०० ग्रॅमच्याच, पण एकीत १९५ मीटर निघाले आणि दुसरीत १७०. एकाच हाताने, एकाच चरख्यावर कातलेल्या. नमुन्यात लिहिलेलं मापाचं गणित इथे चालत नाही, आधी तुकडा विणून पाहावाच लागतो आणि मला त्याचा कायम कंटाळा. सूत कुठे जाड, कुठे बारीक. मोज्यांना मी ते वापरणार नाही. मऊ कातलेल्या एकपदरी सुतावर घासून गोळे येतात, त्यामुळे तिपदरी मिळत असेल तर तीच बघा. पीळ नीट बसलेला नसेल तर विणलेला तुकडा एका अंगाला तिरपा जातो, म्हणून लडी टांगून पाहावी: स्वतःभोवती गुंडाळली जात असेल तर जरा विचार करावा. धुणं हातानेच. ओली झाली की मेंढीचा हलका वास येतो, मला तो चालतो, घरातल्या सगळ्यांना चालेलच असं नाही.

आणि संपली की संपली. तशीच लडी पुन्हा होत नाही. रंगवणारा निदान कृती लिहून ठेवतो आणि जवळपास पोचतो. कातणाऱ्या बाईंना मी विचारलं तर त्या हसल्या. माझा मफलर ठरवल्यापेक्षा वीतभर आखूड झाला आहे. याचं वाईट वाटलं तेव्हा ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेतल्या टॉम बेकरच्या डॉक्टरचा तो लांबलचक पट्ट्यापट्ट्यांचा मफलर आठवून मी मनाची समजूत घातली. १९७४ मध्ये वेशभूषाकार जेम्स ॲचिसन यांनी बेगोनिया पोप या विणणाऱ्या बाईंना भरपूर लोकर दिली आणि त्यांनी ती सगळीच्या सगळी विणून टाकली. तो मफलर मग पात्राची ओळख बनला. तिथे जास्तीच्या लोकरीने लांबी ठरवली, इथे कमी लोकरीने. कातलेल्या लोकरीशी असंच जुळवून घ्यावं लागतं: आधी सूत बघायचं, मग काय विणायचं ते ठरवायचं. ज्यांना नमुना आधी आणि सूत मागून लागतं, त्यांची चिडचिड होईल.

पात्र कुठलं आहे यावरही थोडं अवलंबून आहे. चांगल्याचा वाईट होत जाणारा माणूस असेल तर मी कातलेलीच सुचवीन, आणि त्यातही चेन प्लाय, म्हणजे एकाच पदराचे फासे घालत तिपदरी केलेली. तिच्यात रंग ज्या क्रमाने कातले त्याच क्रमाने राहतात, एकमेकांत कालवले जात नाहीत. फिकटापासून सुरू झालेली शाल शेवटी काळी होते आणि मधली उतरण विणताना बोटांखालून जाते. उलट एखादं सदा टवटवीत, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत तसंच राहणारं पात्र असेल, ठिपक्याठिपक्यांच्या रंगवलेल्या लडीत ते छान रंगतं. त्याच्यासाठी मुद्दाम कातून घ्यायची गरज मला वाटत नाही. मापात नेमकं बसायला हवं असेल, घाई असेल किंवा ज्याला द्यायचं त्याला लोकर धुता येत नसेल, तर रंगवलेली घ्या आणि घेण्याआधी विणलेल्या तुकड्याचा फोटो मागा. पिळलेल्या लडीच्या फोटोवर भाळू नका. माझी चूक तिथेच झाली.

ती चार वेळा उसवलेली लडी वाया गेली नाही. तिचे मोजे केले, ६४ टाके, बारीक सुया, गोल विणकाम. या घेरात लाल एका जागी थांबत नाही, घोट्याभोवती नागमोडी फिरत वर जातो आणि खरं सांगायचं तर फार देखणा दिसतो. मोजे मुलीने पळवले. ती ते मशीनमध्ये टाकते. मफलरला हात लावायची तिला परवानगी नाही.