चिपाडाचा डबा पास, मक्याचं पाकीट नापास

नारायण पेठेत घरगुती पोळीभाजी, संकष्टीला उकडीचे मोदक आणि बारा महिने पातळ पोह्यांचा चिवडा, एवढा माझा पसारा. 2018 च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, तेव्हापासून बोहरी आळीतले दुकानदार मला काही ना काही ‘बायो’ म्हणून दाखवत आलेत. यंदा पैसे मोजून दोन गोष्टी घेतल्या: उसाच्या चिपाडाचे झाकणवाले डबे आणि मक्यापासून केलेली पारदर्शक पाकिटं. दोन्ही चैत्रापासून श्रावणापर्यंत रोजच्या कामात वापरली.

आधी डबा. अर्धा लिटरचा, नग साडेसात रुपये. साधा प्लास्टिकचा मला साडेतीनला पडतो. रस काढून उरलेलं ते चिपाड, कारखान्यात त्यालाच बगॅस म्हणतात. टनभर उसामागे अडीचशे-तीनशे किलो निघतं आणि बरंचसं बॉयलरमध्येच जळतं. त्याचा लगदा तापलेल्या साच्यात दाबला की झाला डबा.

पहिल्याच दिवशी त्यात उकळती आमटी ओतली आणि ओट्यावर वर्तमानपत्र पसरून ठेवून दिला. वीस मिनिटं ढिम्म. चाळीस मिनिटांनी उचलला तर बुडाला घाम फुटल्यासारखं झालेलं. नखाने दाबलं तर खळगा पडला, पण कागदावर थेंब नाही. मटकीची उसळ भरली तेव्हा मात्र तासाभरात तर्रीचा पिवळा डाग बाहेर आला. कोथरूडपर्यंत डबा पोचायला तेवढा वेळ पुरतो, त्यापुढच्या गिऱ्हाइकाला मी रस्सा देत नाही.

पोळ्यांसाठी तर हा डबा म्हणजे वरदान. प्लास्टिकमध्ये गरम पोळ्या घातल्या की झाकणाला पाणी धरायचं, वरची पोळी चिकट व्हायची आणि फोन यायचा, “काकू, पोळ्या शिळ्या होत्या का?” चिपाड वाफ पिऊन घेतं. इतक्या महिन्यांत तसा एकही फोन नाही. मोदक मात्र बुडाला चिकटतात, म्हणून खाली केळीच्या पानाचा तुकडा घालते. सासूबाई म्हणाल्या, पानातच द्यायचे की मग सरळ! त्यांचं चूक नाही, पण पान स्कूटरच्या डिकीत टिकत नाही.

एक गोष्ट खटकली. तेल मुरू नये म्हणून लगद्याच्या काही मालात फ्लोरिनची रसायनं घालतात. त्यांना पीएफएएस म्हणतात आणि ती वर्षानुवर्षं विघटत नाहीत. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, “मॅडम, सगळं नॅचरल आहे.” तपासणीचा कागद मागितला, तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणाला. अजून पाठवतोच आहे. तर्री बाहेर आली याचं त्यामुळे मला जरा बरंच वाटलं. घातलं नसेल बहुतेक, असा आपला माझा अंदाज.

आता पाकीट. हे पीएलए. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेला आंबवून लॅक्टिक आम्ल करायचं आणि त्यापासून प्लास्टिकसारखा पदार्थ बनवायचा. इकडे जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने 2024 मध्ये त्याचाच प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला, त्यामुळे मला फार अप्रूप होतं. माझी पाकिटं तिथली नव्हेत, कुठली ते दुकानदारालाही सांगता आलं नाही.

सुरुवातच भोकांनी झाली. सीलिंग मशीन नेहमीच्या आकड्यावर ठेवलं आणि पहिली सहा पाकिटं कडेला वितळली. याला आच कमी लागते. हातात धरलं की इतकं कुरकुरतं, की दुपारी झोपलेलं घर जागं होईल. तेही चाललं असतं. पण आषाढात एकाच घाण्यातला चिवडा निम्मा यात आणि निम्मा नेहमीच्या पीपीच्या, म्हणजे पॉलीप्रॉपिलीन या साध्या प्लास्टिकच्या, पिशवीत भरला. आठव्या दिवशी पीपीतला कडकडीत, मक्यातला सादळलेला. पोहे दाताखाली चामट, शेंगदाणे मऊ. हवेतला दमट अंश पीएलएमधून पीपीपेक्षा कितीतरी पट आत जातो. फरसाण, चकली, पापड विकणाऱ्यांनी पावसाळ्यात याच्या नादी लागू नये. चार किलो चिवडा मी परत कढईत परतून घरी संपवला.

सोबत फुकट मिळालेल्या पीएलएच्या ग्लासात मसाला दूध ओतलं, तर ग्लास कंबरेत बसला. साठ अंशांच्या आसपासच हे मऊ पडतं.

दोन्ही गच्चीवरच्या खताच्या ड्रममध्येही पुरून पाहिली. डब्याचे तुकडे अडीच महिन्यांत काळ्या मातीत मिसळले. पाकीट धुतलं असतं तर पुन्हा वापरता आलं असतं! त्याला कुजायला साठ अंशांच्या जवळपासची ऊब दिवसेंदिवस लागते. ती मोठ्या खतप्रकल्पात मिळते, माझ्या ड्रममध्ये नाही. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना दाखवलं, तर त्यांनी उलटंपालटं करून विचारलं, “हे ओल्यात घालू का सुक्यात?” सुक्यात गेलं तर इतर प्लास्टिकमध्ये मिसळून तो माल बिघडवतं, ओल्यात गेलं तर पिशवी समजून कोणीतरी वेचून बाजूला काढतं.

डब्याला साडेचार तारे, पाकिटाला दीड, तोही ते दिसतं सुंदर म्हणून. चिवडा पुन्हा पीपीत. स्वतःची बरणी आणणाऱ्याला किलोमागे दहा रुपये कमी.

डबे घ्यायचे तर एकदम पाचशेचा गठ्ठा घेऊ नका. पंचवीस सुटे मागा आणि आपल्याच रश्श्याने तपासा. कुरकुरत का होईना, देतात. आळीत अकराच्या आत जा, नंतर हातगाड्यांमुळे स्कूटर शिरत नाही.