केमोथेरपी की हार्मोन-उपचार, आणि तीन गोळ्यांपैकी कोणती?

स्तनाचा कर्करोग इतर अवयवांत पसरला आहे, तो हार्मोन-रिसेप्टर पॉझिटिव्ह (हार्मोनच्या आधारे वाढणारा) आणि हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त नसलेला) आहे, असे निदान झाले की आजार मोठा म्हणून केमोथेरपीच हवी, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. युरोपातील एस्मो आणि अमेरिकेतील एएससीओ या कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थांच्या मार्गदर्शक सूचना मात्र वेगळे सांगतात. यकृतासारख्या अवयवाचे काम झपाट्याने ढासळत नसेल, तर हार्मोन-उपचार आणि सीडीके ४/६ रोधक गोळी, म्हणजे कर्करोगाच्या पेशींचे विभाजन रोखणारी रायबोसिक्लिब, पॅल्बोसिक्लिब किंवा अबेमासिक्लिब, यांच्या जोडीने सुरुवात करावी. पाळी सुरू असलेल्या, आक्रमक आजाराच्या स्त्रियांवरील ‘राइट चॉइस’ चाचणीत रायबोसिक्लिबच्या जोडीने आजार २० महिन्यांहून अधिक काळ आटोक्यात राहिला, तर दोन औषधांच्या केमोने तो काळ १३ महिन्यांच्या आत संपला. अशा स्त्रियांना अंडाशयाचे कार्य थांबवणारे उपचारही सोबत लागतात.

खरी अडचण पुढे आहे: या तिन्हींपैकी कोणती गोळी निवडायची? पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये सुरुवातीलाच दिलेल्या उपचारात मध्यक आयुर्मान (निम्म्या स्त्रिया ज्याहून अधिक जगल्या तो काळ) रायबोसिक्लिबसह ६३.९ महिने आणि केवळ लेट्रोझोल या हार्मोन-गोळीवर ५१.४ महिने भरले (मोनालीसा-२ चाचणी). पॅल्बोसिक्लिबच्या चाचणीत हा फरक ५३.९ विरुद्ध ५१.२ इतकाच होता (पॅलोमा-२). अबेमासिक्लिबचे ६६.८ विरुद्ध ५३.७ हे आकडे मोठे दिसतात, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ते उतरले नाहीत, म्हणजे तो फरक योगायोगाचाही असू शकतो (मोनार्क-३). तीन निरनिराळ्या चाचण्यांचे आकडे शेजारी मांडून विजेता ठरवणे चुकीचेच. तरीही आयुर्मानाचा सिद्ध लाभ हा निकष धरला, तर माझा कल रायबोसिक्लिबकडे झुकतो.

तो कल रुग्णागणिक बदलायला हवा. रायबोसिक्लिब हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करू शकते, म्हणून ईसीजी आणि यकृताच्या तपासण्या लागतात. लयीचा जुना विकार असल्यास ते टाळणेच बरे. पॅल्बोसिक्लिबने पांढऱ्या पेशी घटतात, पण हृदयाची धास्ती नसते. अबेमासिक्लिबने जुलाब होतात आणि क्वचित रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. ते रोज दोनदा, खंड न पाडता घ्यावे लागते, तर उरलेली दोन्ही तीन आठवडे घेऊन एक आठवडा थांबवतात.

गोळी सुरुवातीलाच द्यावी या एकमतालाही एक टोचणी आहे: नेदरलँड्समधील ‘सोनिया’ चाचणीत ही गोळी सुरुवातीलाच देण्याऐवजी दुसऱ्या टप्प्यात दिली, तरी दोन्ही टप्प्यांत मिळून आजार आटोक्यात राहण्याचा काळ लक्षणीय कमी झाला नाही. त्या चाचणीत बहुसंख्य स्त्रिया पॅल्बोसिक्लिबवर होत्या, त्यामुळे हा निष्कर्ष तिन्ही गोळ्यांना सरसकट लावता येत नाही. मात्र वय जास्त, आजार संथ आणि तब्येत नाजूक असेल, तर आधी केवळ हार्मोन-गोळीचा पर्याय डॉक्टरांकडे मोकळेपणाने विचारण्यासारखा आहे.

आजार पुन्हा वाढल्यावर कर्करोगाच्या पेशींतील ईएसआर-१ आणि पीआयके-३-सीए या जनुकांतील बदल तपासतात. पहिला आढळल्यास एलासेस्ट्रंट, दुसरा आढळल्यास अल्पेलिसिबसारखे औषध वापरता येते, पण अल्पेलिसिबने साखर वाढते, म्हणून मधुमेही रुग्णांनी तो मुद्दा आधीच काढावा.